एकट्या माणसाला आधी

एफी लेनॉक्सची अंघोळ मंगळवारी आणि शनिवारी व्हायची, आणि तीही स्वयंपाकघरात. तिची लेक लॉर्ना दुपारी दोनला कामावरून यायची, कोट काढायच्या आधी किटली लावायची, भांड्यांच्या सिंकमध्ये गरम-गार पाणी सारखं करायची आणि आईच्या चाकाच्या खुर्चीखाली जुने टॉवेल अंथरायची. मग बाह्या सरसावून जळकी कढई घासावी तशी आईला घासायला घ्यायची.

"हळू गं! कातडं आहे ते. तुझ्या बेकरीतला ट्रे नाही."

"ट्रे बोलत नाही, एवढाच काय तो फरक."

"बापाची जीभ घेतलीस. त्याऐवजी माझी अक्कल घेतली असतीस, तर अडतिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात पाव भाजत बसली नसतीस."

"हात वर कर, आई."

एफी हात वर करायची. कितीही जीभ चालली तरी हात वर करावाच लागायचा, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

उमेदीची वर्षं तिने ग्रीनॉकच्या साखर कारखान्यात पिशव्या भरण्यात घालवली. कारखाना बंद पडला आणि साखर तिच्या रक्तात शिरली. आधी डावा पाय मांडीपासून गेला, दोन वर्षांनी उजवा गुडघ्याखालून. "जन्मभर साखर भरली, शेवटी साखरेनंच पाय खाल्ले," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि समोरचा हसतो की हळहळतो ते बघत राहायची. हसणारा तिला आवडायचा. हळहळणाऱ्याला ती पुढच्या वाक्यात सोलून काढायची.

घर तळमजल्यावर होतं. ते भाड्याने देणाऱ्या संस्थेची अशी साडेतीन हजार घरं गावभर, चढाउतारांवर पसरलेली होती. एफीच्या न्हाणीघराचा दरवाजा तिच्या खुर्चीपेक्षा तीन बोटं अरुंद होता. आत टब होता, आणि त्याचा काठ दोन धड पायांच्या माणसालाही विचार करायला लावेल इतका उंच. टब काढून तिथे सपाट फरशीचा शॉवर करावा, दार रुंद करावं, म्हणून एफीने संस्थेकडे अर्ज केला त्याला सव्वादोन वर्षं झाली होती. अशा सोयी ठरवणारी एक थेरपिस्टबाई येऊन मापं घेऊन गेली. ती नोकरी सोडून गेली तेव्हा मापंही तिच्याबरोबर गेली. दुसरी आली, तिने पुन्हा मापं घेतली. तिसरीने फोनवरच विचारलं, "मिसेस लेनॉक्स, तुम्ही जिना कशा चढता?"

"उडत," एफी म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसरा पाय गेला तेव्हा लॉर्ना "दोन आठवडे राहते" म्हणून आली आणि अडकली. स्वतःची भाड्याची खोली तिने सोडून दिली. किलमार्नॉकला राहणारा, बसडेपोत मेकॅनिक असलेला गॅव्हिन तेवढा तिने सोडला नव्हता. तो रविवारी यायचा, येताना एफीसाठी पेपर आणायचा, आणि एफी पेपर हातात घेता घेता त्याला टकल्या म्हणायची. गेल्या ईस्टरला तो सोफ्यावर बसून जेवत असताना एफी म्हणाली, "लॉर्ना, माझं भांडं आण. आत्ता. इथेच." पायखान्याची खुर्ची तशीही बैठकीच्याच कोपऱ्यात असायची. गॅव्हिनने ताट खाली ठेवलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. त्यानंतर तो त्या घरी आला नाही. लॉर्ना त्याच्याशी मागच्या दारी, कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी राहून फोनवर बोलायची.

"मुद्दाम केलंस तू," त्या दिवशी लॉर्ना म्हणाली होती.

"पाय नसलेल्या बाईनं मुद्दाम काय करायचं? मुतायलासुद्धा तुझी परवानगी लागते."

सप्टेंबरात संस्थेचं पत्र आलं. अपंग भाडेकरूंच्या घरातली कामं लवकर आणि नीट व्हावीत, यासाठी भाडेकरूंचीच एक समिती नेमायची होती. ज्यांनी त्रास भोगला त्यांनीच वाट दाखवावी, असं त्यात लिहिलं होतं. एफीने ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "वाट दाखवते. चालता येत नसलं तरी."

सभा चर्चच्या हॉलमध्ये होती. दाराशी दोन पायऱ्या होत्या आणि त्यांवर टाकलेली लाकडी फळी इतकी उभी होती, की एफीला वर ढकलायला दोन माणसं लागली. आत पोचल्या पोचल्या ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अपंगांच्या समितीत यायला आधी गिर्यारोहण शिकायला हवं, हे पत्रात लिहायचं राहिलं वाटतं." सगळे हसले. सभा चालवणारा संस्थेचा अधिकारी क्रेग मॅथिसन कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला आणि त्याने ते लिहून घेतलं. तिथून पुढे समिती एफीची झाली.

आणि खरं सांगायचं तर, तिने कामही केलं. मापं एकदाच घ्यायची आणि माणूस बदलला तरी कागद बदलायचा नाही, हे तिने मान्य करून घेतलं. प्रत्येक अर्जदाराला एकाच माणसाचं नाव आणि एकच नंबर मिळाला पाहिजे, हेही. कारखान्यात शेवटी मुकादम म्हणून पाळ्या लावायची तेव्हाची तिची जरब परत आली होती. बोलताना ती खुर्चीत दोन बोटं उंच व्हायची. घरी आली की लॉर्नाला सांगायची, "तिथे मला सगळे विचारतात. तुझ्यासारखं हात वर कर, हात खाली कर नाही."

"चांगलं आहे. त्यांना सांग, मंगळवारी येऊन तुझी पाठ घासा."

समितीत नऊ भाडेकरू होते. त्यातला एक डूगल पिरी. गोदीत वेल्डर होता, पहाडासारखा माणूस. झटक्याने डावी बाजू गेली आणि वाचाही गेली, उरला एकच शब्द. "बरोबर" एवढंच तो म्हणायचा, कशालाही. त्याच्याबरोबर त्याची बायको इझोबेल यायची. सत्तरीची, चिमणीएवढी. डूगलच्या हनुवटीवरची लाळ ती बोलता बोलता, तिकडे न बघता पुसायची. एफीचा अर्ज आणि डूगलचा अर्ज एकाच महिन्यातले होते. एफीला हे तिसऱ्या सभेत कळलं, आणि त्यानंतर तिने इझोबेलकडे पूर्वीसारखं बघितलं नाही.

त्याच सभेत क्रेगने अवघड प्रश्न काढला. यादीत एकशे दहा नावं होती आणि वर्षभरात न्हाणीघरं होणार होती चाळीस.

"सारख्याच गरजेची दोन माणसं आली तर आधी कोण?" तो म्हणाला. "घरात बघणारं कुणी आहे तो, की एकटा राहतो तो? हे तुम्हीच ठरवा. आम्ही ऑफिसात बसून ठरवलं की शिव्या खातो."

इझोबेल उठून उभी राहिली. उभी राहिली तरी बसलेल्यांपेक्षा फारशी उंच दिसली नाही.

"डूगल शंभर किलोचा आहे," ती म्हणाली. "मी पंचेचाळीस. आठवड्यातून दोनदा मी त्याला टबात उतरवते आणि बाहेर काढते. बघणारं माणूस आहे म्हणून आम्हाला मागे टाकलंत, तर एक दिवस दोघंही पडू. बघणारं माणूस म्हणजे काही क्रेन नव्हे. निदान त्या माणसाचं वय तरी बघा."

"बरोबर," डूगल म्हणाला.

दोन-तीन माना हलल्या. एफीने त्या हललेल्या बघितल्या आणि तिच्या डोक्यात हिशेब झटक्यात जुळला. बघणाऱ्याचं वय धरलं, तर इझोबेल सत्तरीची आणि लॉर्ना अडतीसची, दांडगी, पिठाची पोती उचलणारी. डूगल आधी. आणखी वर्षभर, कदाचित दोन वर्षं, सिंकपाशी टॉवेल.

"इझोबेल, तुझा नवरा पडला तर हाक मारायला कुणीतरी आहे," एफी म्हणाली. "एकटं माणूस पडलं, तर ते पोस्टमनला सापडतं. वासावरून. एकट्या माणसाला आधी. यात विचार करण्यासारखं आहे काय?"

"अगं, पण तुझी लॉर्ना आहे की."

"होती." एफीने हात मांडीवर ठेवले. एक पाऊल पुढे टाकलंच होतं, आता दुसरं टाकणं भाग होतं. "चाललीय ती. किलमार्नॉकला पुरुष आहे तिचा. कंटाळली मला. गेल्या शनिवारी अंघोळ घालता घालता ढकललंन मला आणि म्हणाली, मर इथेच एकदाची." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही अगदी वेळेवर. "पोटची पोर. मी काय करू?"

क्रेगने कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. इझोबेल एफीकडे बराच वेळ बघत राहिली. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि ती खाली बसली.

मतं घेतली. एकट्याला आधी म्हणून सहा हात वर गेले. सगळे करताहेत ते बघून डूगलनेही आपला चांगला हात वर केला आणि म्हणाला, "बरोबर." इझोबेलने तो हात धरून हळूच खाली घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

त्या संध्याकाळी एफीने चहा पिता पिता लॉर्नाला सांगितलं.

"कागदावर तू इथून गेलेली पाहिजेस. तीन आठवडे. ते तपासायला येतील, नंबर लागेल, काम होईल, की ये परत."

"कागदावर."

"कागदावर आणि जरा खरोखरही. कपाटात तुझे कपडे दिसले तर? त्या टकल्याचा पत्ता दे. तेवढ्यापुरता उपयोगी पडू दे त्याला."

एफीला वाटलं होतं, पोर भांडेल. भांडणाला लागणारी सगळी वाक्यं तिने तयार ठेवली होती. पण लॉर्नाने चहा संपवला. तिने कप धुतला, पालथा घातला आणि आतून बॅग काढली. एक बॅग भरली, मग दुसरी. भिंतीवरचा स्वतःचा शाळेतला फोटोही काढला.

"तो कशाला? फोटो काय अंघोळ घालतो?"

"सगळंच नेते. उगीच कुणाला संशय नको." दारात तिने मागे वळून बघितलं. "सकाळ-संध्याकाळ सरकारी बाई येईल, मी फोन केलाय. इन्सुलिन फ्रिजच्या दारात आहे. डाव्या मांडीला खाली फोड आलाय, तो तिला दाखव. लाजू नकोस."

"जा आता. तीन आठवड्यांसाठी काय एवढं?"

सरकारी बाईचं नाव बर्नी. पंधरा मिनिटं सकाळी, पंधरा संध्याकाळी. तेवढ्यात इन्सुलिन, खाणं, भांडं रिकामं करणं आणि चार शब्द. अंघोळ तिच्या कामात बसत नव्हती, ओल्या फडक्याने तोंड-मान पुसण्यापुरतं बसत होतं. एफीने सोळा दिवस अंगाला पाणी लावलं नाही. सतराव्या दिवशी तपासणीला क्रेग आणि चौथी थेरपिस्टबाई आली. क्रेगने खोलीत पाऊल टाकलं आणि नकळत तोंडाने श्वास घ्यायला लागला. एफीला ते दिसलं आणि तिला मनातून आनंद झाला. इतकी वर्षं हा वास तिची बेअब्रू होता. त्या दिवशी तो तिचा साक्षीदार झाला.

"मुलीचा काही फोन?" बाईने विचारलं.

"ती कशाला करतेय," एफी म्हणाली. हे मात्र खरं होतं. लॉर्नाने फोन केला नव्हता.

दहा दिवसांत मंजुरी आली. नव्या पद्धतीतलं पहिलं काम एफीचं. दोन माणसं आली, त्यांनी टब फोडून तुकड्या-तुकड्यांनी बाहेर नेला, भिंत कापली, दार रुंद केलं. एफी खुर्चीत बसून त्यांच्यावर देखरेख करत होती आणि त्यांना शिव्या देत होती. ते हसत होते. त्या आठवड्यात ती सुखात होती.

काम संपायला एक दिवस बाकी असताना बर्नी सकाळी उशिरा आली. डोळे सुजलेले.

"पिरींच्या घरून येतेय," ती म्हणाली. "डूगल गेला."

"झटका?"

"टब." बर्नी लापशी ढवळत होती, पाठमोरी. "इझोबेल त्याला बाहेर काढत होती, तिचा पाय सरकला. तिचं कमरेचं हाड मोडलं, तो परत पाण्यात. ती जमिनीवर, तो टबात. नळापर्यंत कुणाचाच हात पोचेना. पाणी गार होत गेलं. साडेचार तास. ती त्याच्याशी बोलत राहिली म्हणे, आणि तो बरोबर, बरोबर म्हणत राहिला. मग त्याचं म्हणणं थांबलं. शेजारीण दूध मागायला आली म्हणून ही तरी सापडली."

एफीच्या तोंडून निघून गेलं, "बायको होती ना घरात."

बर्नीचा चमचा थांबला. तिने लापशी आहे तशी ओट्यावर ठेवली, कोट घातला आणि निघून गेली. लापशी तीन हात लांब, एफीच्या नजरेसमोर होती. खुर्ची तिथवर जाईना, कारण वाटेत मिस्त्र्यांनी सिमेंटच्या पिशव्या ठेवल्या होत्या. मिस्त्री दहाला आले तोवर एफी त्या लापशीकडे बघत बसली. शेवटी ती डूगलसाठी रडली की भुकेसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघर तयार झालं. पांढरी फरशी, पाणी आपसूक वाहून जाईल असा उतार, भिंतीला घडी घालून ठेवता येणारं आसन, दोन्ही बाजूंना दांड्या, हाताशी नळ. एफी खुर्ची थेट आत घेऊन गेली. दांडी धरून, हातांच्या जोरावर आसनावर सरकली. नळ फिरवला. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या अंगावर डोक्यापासून पाणी आलं, आणि हात वर कर असं कुणी म्हटलं नाही. ती अर्धा तास पाण्याखाली बसली. मग अंग पुसून, ओले केस तसेच ठेवून तिने लॉर्नाला फोन लावला.

"झालं काम! ये आता. काय सुरेख केलंय बघ. तुझ्या हाताला आता सुट्टी."

"ऐकलं मी. चांगलं झालं."

"मग कधी येतेस? तुझी खोली बर्नीकडून झाडून घेते."

"नाही येत, आई."

"म्हणजे? तीन आठवडे ठरलं होतं."

"तू एकटी आहेस. तू एकटीच असतेस, असं तूच सगळ्या समितीसमोर सांगितलंस. मी तुला ढकलते, मी तुला मर म्हणते." लॉर्नाचा आवाज चढला नव्हता, पाव किती हवेत विचारावं तसा होता. "किलमार्नॉकहून रोज कामावर येते मी, तर दोन आठवडे बेकरीत बायका माझ्या हातून पाव घेईनात. एकीनं तर तोंडावर सांगितलं, स्वतःच्या आईला टाकून आलीस, तुझ्या हातचं नको. मला कळेना काय झालंय. मग इझोबेलनं सांगितलं."

"अगं, ते बोलावं लागतं तसं! न्हाणीघर कसं मिळालं असतं? तुझ्यासाठीच केलं ना मी, तुझी पाठ वाचावी म्हणून..."

"तीन वर्षं, आई. मी तुला एकदाही ढकललं नाही. मनात रोज यायचं. रोज. तरी नाही."

एफी घाबरली, आणि घाबरली की तिची जीभ नेहमी जायची तिकडेच गेली. "जा मग! बस त्या टकल्याच्या उरावर. दोन महिन्यांत हाकलेल तुला, मग येशील शेपूट घालून. तेव्हा दार उघडते का बघ!"

"दार रुंद झालंय ना आता," लॉर्ना म्हणाली. "तुला पुरेल." आणि तिने फोन ठेवला.

जानेवारीत समितीची शेवटची सभा झाली. फळीच्या जागी आता चांगला सिमेंटचा उतार केला होता, आणि एफी कुणाच्या मदतीशिवाय आत गेली. भिंतीवर संस्थेच्या अहवालाचं मुखपृष्ठ मोठं करून लावलं होतं. त्यावर नव्या न्हाणीघरात, दांडीला धरून हसणारी एफी होती. क्रेगने टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनीही वाजवल्या.

मग इझोबेल आली. चाकाच्या खुर्चीत, मागून भाची ढकलत होती. हाड नीट जुळलं नव्हतं. ती एफीच्या शेजारीच येऊन थांबली, कारण खुर्चीला जागा तिथेच होती.

"मिसेस पिरी, तुमच्यासाठी चांगली बातमी आहे," क्रेग हळू आवाजात म्हणाला. "तुमचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय. तुमचा नंबर पहिला लागला."

"हो, पत्र आलं," इझोबेल म्हणाली. "एकटी आहे ना मी आता."

भाचीने उगीचच इझोबेलची शाल सारखी केली. एफीने दोन्ही हातांनी खुर्चीची चाकं घट्ट धरली, जणू ती उतारावर होती.

"क्रेग," ती म्हणाली. "लिहून घे. मी खोटं बोलले. माझी पोर जात नव्हती. तिनं मला कधी ढकललं नाही, मर म्हणाली नाही. मीच तिला घराबाहेर काढलं, नंबर लागावा म्हणून. डूगलचा नंबर माझ्याआधी लागला असता. नियम चुकीचा आहे. बदला तो. लिहून घे म्हणते ना!"

क्रेगचं पेन कागदापासून वर राहिलं. त्याने ते टोपण लावून खिशात ठेवलं.

"एफी, तुम्हाला बरं वाटत नाहीये," तो म्हणाला. "अहवाल छापून झालाय. इतर गावांतल्या संस्थांनी हीच पद्धत मागितलीय. नियमांचा फेरविचार दोन वर्षांनी आहे. मी... हे मी ऐकलं नाही, असं धरू या. तुमच्याच भल्यासाठी." आणि तो चहा आणायला उठला.

बाकीचेही उठले. दोघी खुर्च्यांत राहिल्या.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," इझोबेल म्हणाली. "मी पाव लॉर्नाकडून आणायचे. दर मंगळवारी ती म्हणायची, घाई आहे हो, आईची अंघोळ आहे. मर म्हणणारी पोर अशी घाई करत नाही."

"मग बोलली का नाहीस?" एफीचा आवाज फाटला. "सगळ्यांसमोर तोंड का नाही फोडलंस माझं?"

"फोडणारच होते. मग वाटलं, हिनं आपल्याच तोंडानं पोरीला दार उघडून दिलंय, आपण ते कशाला लावायचं. पोर तरी सुटेल. डूगलला आणखी एक वर्ष मी ओढीन, असं वाटलं होतं." तिने स्वतःच्या मोडक्या कमरेकडे बघितलं. "अंदाज चुकला. तू काय बोललीस ते लॉर्नाला मीच सांगितलं. राग यायचा तर त्याचाही येऊ दे."

"इझोबेल, मला माफ कर."

इझोबेलने थोडा विचार केला. टाळायचं म्हणून नाही, खरोखर केला.

"नाही," ती म्हणाली. "ती ताटली जरा इकडे सरकव. अंड्याचं असेल तर अंड्याचं दे."

एफीने सँडविचची ताटली पुढे केली. इझोबेलने एक उचललं आणि समोर बघत, सावकाश चावून संपवलं.

नियम तसाच राहिला. एफीने समिती सोडली. दोन पत्रं लिहिली, दोन्हींना "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत" असं उत्तर आलं. एप्रिलात बर्नीने सांगितलं की लॉर्ना आणि गॅव्हिनने किलमार्नॉकला सही करून लग्न केलं. बर्नीलाही हे बेकरीतच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी एफीने बर्नीकडून फोनवर संदेश लिहवून घेतला, कारण तिची बोटं आता नीट चालत नव्हती. "सभेत सगळं खरं सांगितलं. तुझ्याबद्दल. आई."

उत्तर चार दिवसांनी आलं. बर्नीने वाचून दाखवलं. "कळलं. बरं केलंस."

"एवढंच?"

"एवढंच."

"पुन्हा वाच."

बर्नीने पुन्हा वाचलं.

"बरं केलंस, म्हणजे काय म्हणायचं असेल गं तिला?" एफीने विचारलं. "येईल म्हणते का?"

"बरं केलंस म्हणजे बरं केलंस, एफी." बर्नीने घड्याळाकडे बघितलं. पंधरापैकी अकरा मिनिटं झाली होती. "अंघोळ झालीय ना तुझी? की बसायला मदत करू?"

"झाली," एफी म्हणाली. "सकाळीच. माझी मीच."